जेवण नाही, तर गोळी नाही

सगळ्यात आधी माझ्या मोठ्या जाऊबाई. बाकीचं मागाहून. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, कारण कुणी हे वाचून दाखवलंच तर त्या म्हणतील, "काऊन व, माझी बदनामी करून राह्यली का?" पण त्या नसत्या तर मी आज समुद्रपुरात नसते. माझी पत्र्याची ट्रंक आणि मी, दोघी एसटीच्या टपावरून आणि आतून अशा परत कोकणात गेलो असतो, आणि "वेडसर निघाली म्हणून धाडली" एवढीच माझी ओळख गावात उरली असती. म्हणून आधी त्या, मग मी, आणि मग ती गोळी.

मी रत्नागिरीच्या खालच्या अंगाची. शाळा सहावीत सुटली. मी सोडली म्हणावं तर तसं नाही आणि काढली म्हणावं तर तसंही नाही. गुरुजी पाढे म्हणायला उभं करायचे. मी सात पंचे पस्तीसपर्यंत नीट जायचे आणि त्यापुढे एकदम कानावर यायचं ते गुरुजींचं, "बस खाली." वर्ग हसत असायचा. मधे काय झालं ते मला कधी कळायचं नाही. एखाद्या पुस्तकाचं पान कुणी फाडून न्यावं तसं. गुरुजी घरी येऊन म्हणाले, पोरीचं चित्त ठिकाणावर नाही. आई म्हणाली, घरकामात येईल ठिकाणावर. ते काही आलं नाही, पण घरकामात ते कुणी बघत नाही.

आमचे हे वीज मंडळात वायरमन. बदलीवर आमच्या गावी होते आणि जेवायला आमच्याकडे यायचे. स्थळ म्हणून विचारणा झाली तेव्हा बाबांनी गावाचं नाव विचारलं. "समुद्रपूर." बाबा खूश झाले. "बरं झालं, पोरीला परकं वाटणार नाही," म्हणाले. यांनी पुढचं काही सांगितलं नाही, आणि बाबांनी विचारलंही नाही. लग्न झालं, यांची बदली परत इकडे झाली, आणि आम्ही आगगाडी आणि एसट्या बदलत आलो. उतरले तर चहूकडे कापूस. मी घाबरत घाबरत जाऊबाईंना विचारलं, "समुद्र कोणत्या अंगाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "समुद्र? मी तं पाह्यलाच नाई व. इथं नाला हाय, दाखवू का?"

तो आमचा पहिला संवाद. तेव्हापासून मी त्यांना बाई म्हणते आणि त्या मला कोकणीण म्हणतात.

घरात सासूबाई, त्यांना सगळ्या आत्याबाई म्हणत. त्या माझ्यावर पहिल्या आठवड्यातच नाराज झाल्या. मला हाक मारली की मी कधी "ओ" द्यायचे, कधी नाही. ताक ओतताना भांडं भरून वाहायला लागलं तरी मी ओततच असायचे, नजर समोरच्या भिंतीवर. क्षणभराचं काम. मग मी परत यायचे आणि पायाखाली ताकाचं तळं बघून मलाच दचकायला व्हायचं. आत्याबाई म्हणायच्या, "हे पोट्टी आळशी हाय." मग एक दिवस त्यांना वाटलं, आळशी नाही, मिरगी असावी. मिरगीवर त्यांच्याकडे कांद्याचा उपाय होता. मी थांबले की त्या कांदा आणायला धावायच्या, फोडायच्या, आणि नाकाशी धरायच्या. पण माझं थांबणं इतकं आखूड की कांदा येईपर्यंत मी केव्हाच परत आलेली असायचे. मी पोळपाट पुसत असायचे, आणि अचानक नाकात फोडलेला कांदा. मी ओरडायचे. त्या म्हणायच्या, "पाह्य, शुद्धीवर आली!"

त्या कांद्यातून मला जाऊबाईंनी सोडवलं. त्या बोलतात कमी आणि बघतात जास्त. एकदा मी आंबाडीची भाजी निवडत बसलेले, आणि त्या समोर. नंतर आत्याबाईंना सांगताना मी आडून ऐकलं.

"आत्याबाई, ते आळशी नाई."

"तुले काय मालूम?"

"माशी बसली तिच्या नाकावर. नाकावरून गालावर गेली, गालावरून पापणीवर. हे हालली नाई. आळशी माणूसबी माशी हाकलते."

"मंग काय मिरगी हाय?"

"मिरगीवाला पडते. हे कुठं पडते? बसल्या जागी जाते आन बसल्या जागी येते. अन् चूल फुंकाले बसली का हमखास जाते. फुंकणी तोंडात ठेवूनच. मले वाटे, बासरी वाजवून राह्यली का काय."

आत्याबाई म्हणाल्या, "दिवाळीलोग पाह्यतो. सुधरली तं ठीक, नाई तं धाडून देऊ माहेरी. लोकायले काय सांगू मी?"

"दिवाळीलोग माझ्यावर सोडा," जाऊबाई म्हणाल्या.

माहेरची आठवण मला रोज यायची, पण परत जाणं आणि परत पाठवलं जाणं यात किती अंतर आहे ते आमच्या गावच्या दोन टाकलेल्या बायकांकडे बघून मला माहीत होतं. तेव्हापासून माझ्या पोटात दिवाळी बसली.

त्या दिवसापासून जाऊबाईंनी मला चूल फुंकायला बंदी केली आणि विहिरीवर जाताना माझा पदर आपल्या हातात धरायला सुरुवात केली. शेजारीण म्हणाली, "काय व, कोकणातून बकरी आणली का?" जाऊबाई म्हणाल्या, "हाव. दूध नाई देत, पण गुणाची हाय."

मग त्या मला वर्ध्याला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. बरोबर हेही होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि माझ्यापुढे कागदाची पट्टी धरून म्हणाल्या, "हिच्यावर जोरात फुंकर मारत राहा, थांबू नकोस." मी फुंकत राहिले. मग एकदम कानावर आलं ते जाऊबाईंचं, "पाह्यलं? पाह्यलं? फुंकणीवरबी अशीच जाते!" म्हणजे मी जाऊन आले होते. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. खूप भराभर श्वास घेतला की हे झटके हमखास येतात, म्हणाल्या. वेड नाही, भूत नाही, आळस तर नाहीच. मेंदूतली वीज क्षणभर भलतीच उसळते आणि तेवढ्यापुरतं माणसाचं भान जातं.

वीज म्हटल्यावर हे पुढे सरकले. "शॉर्ट सर्किट?"

"म्हणा तसं."

"फ्यूज बदलता येत नाही?"

"नाही. पण रोज औषध घेतलं तर उसळी येत नाही."

पुढे डोक्याला वायरी लावून तपासणी झाली, तेव्हा माझ्यापेक्षा यांनाच जास्त मजा आली. हे गावात बोलले असावेत, कारण त्यानंतर पानठेल्यावर एकच विनोद चालला, की साऱ्या गावची लाईन जोडतो आणि याच्या घरचीच लाईन जाते.

औषध म्हणजे कॅप्सूल. नाव इथोसक्सिमाइड. मी ते पाठ करायला फार दिवस घेतले. जाऊबाई त्या वाटेला गेल्याच नाहीत, "ते लंबं नाव" म्हणायच्या, आणि घरात सगळे गोळी म्हणायचे. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, सकाळ-रात्र जेवणानंतर घ्यायची, उपाशीपोटी नको, पोट ढवळतं. आपल्या मनानं बंद करायची नाही. आणखीही काय काय होऊ शकतं ते त्यांनी सांगितलं, पण तेवढ्यात जाऊबाईंचं लक्ष फडताळावरच्या कवटीकडे गेलं होतं. त्या माझ्या कानात म्हणाल्या, "हिचा दात पडला व." आम्ही दोघी दात शोधत राहिलो, आणि सांगणं संपलं.

गोळी लागू पडली. झटके विरळ झाले. आत्याबाईंचा कांदा भाजीत जाऊ लागला. पण दुसरंच एक सुरू झालं. जेवण झालं, गोळी घेतली, की थोड्या वेळानं मला उचक्या लागायच्या. साध्यासुध्या नाहीत. आख्ख्या घराला ऐकू जातील अशा.

आता उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढतं, हे कोकणात तसंच विदर्भात. आणि आठवण काढणाऱ्याचं बरोबर नाव घेतलं की ती थांबते, हेही तसंच. आत्याबाईंनी पुढाकार घेतला. "सांग, कोण कोण हाय तुह्या माहेरी?" मी एकेकाचं नाव घेऊ लागले. बाबा. उचक. भाऊ. उचक. मावशी. उचक. शेजारच्या काकू. उचक. माहेरची माणसं संपली तेव्हा शेजारीण म्हणाली, "गाय असन का वो? गायबी आठवण काढते." गाईचं नाव घेतलं. उचक. शेवटी मी म्हटलं, "आई." आणि उचकी थांबली. थांबायचीच वेळ झाली असेल, पण तेव्हा तसं कुणाच्या मनात येणार? मी रडले. आत्याबाईंनीही डोळे पुसले. म्हणाल्या, "जेवाले बसली का लेकीची आठवण येते माउलीले."

मग रोज तेच. आमची जेवणं झाली की माझी आई तिकडे माझी आठवण काढायची. सकाळी काढायची, रात्री काढायची. मला आधी बरं वाटलं, मग काळजी वाटायला लागली. इतकी आठवण? एरवी माझी आई काही इतकी हळवी नाही. आजारी तर नसेल? आत्याबाईंनाही तेच वाटलं. त्या म्हणाल्या, "मायसाठी सोमवार धर."

मी सोमवार धरला, दोन्ही वेळचा, दुसऱ्या दिवशी सकाळी सोडायचा. आणि काय सांगू, सोमवारी एकही उचकी नाही! सबंध दिवस छाती शांत. आत्याबाई देवापुढे हात जोडून म्हणाल्या, "पावला." मंगळवारी जेवले, गोळी घेतली, उचक्या सुरू. म्हणजे एका सोमवारनं पुरत नव्हतं. मग गुरुवार धरला. गुरुवारीही शांतता. मग शनिवार. एकादशी आणि चतुर्थी होत्याच. प्रत्येक उपास पावत होता. इतकं रोकडं फळ देणारं व्रत आत्याबाईंच्या आयुष्यात झालं नव्हतं. त्या बायकांना बोलावून सांगायच्या. श्रावण लागला तसा मी शुक्रवारही धरला, आणि माझी आई तिकडे ठणठणीत असणार याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

गोळीचं म्हणाल तर मी सांगितल्याबाहेर गेले नाही. जेवणानंतर घ्यायची, असं सांगितलं होतं. उपासाला जेवण नसतं, फराळ असतो. जेवण नाही, तर गोळी नाही. यात विचारायचं काय, असं मला वाटायचं. शाळेत शिकले नाही ते नाही, पण ऐकण्यात मी कधी कमी पडले नाही.

श्रावणातल्या शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. हेडमास्तरांच्या मंडळी आल्या होत्या, गावात त्यांना मोठा मान. आत्याबाईंनी मुद्दाम मला कुंकू लावायला पुढे केलं. नव्या सुनेचं कौतुक. मी करंड घेतला, बोट बुडवलं, त्यांच्या कपाळावर टेकलं...

परत आले तेव्हा माझं बोट हेडमास्तरीणबाईंच्या नाकाच्या शेंड्यावर होतं. कपाळापासून तिथपर्यंत कुंकवाची सडक आखलेली. त्या बिचाऱ्या डोळे मिटून बसल्या होत्या. नंतर म्हणाल्या, "मला वाटलं, कोकणात असंच लावत असतील."

बायका गेल्या. आत्याबाईंनी खाटेखालून माझी ट्रंक ओढून बाहेर काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मला वाटलं, त्यांनी पुन्हा कांदा नाकाला लावला असता तर बरं झालं असतं.

"दिवाळी आली नाई अजून," जाऊबाई म्हणाल्या.

"नाक कापलं माझं."

"कापलं नाई, रंगवलं. अन् तुमचं नाई, मास्तरणीचं." मग माझ्याकडे वळून, "उठ व. उद्या वर्धा."

दुसरा दिवस शनिवार. एसटीत मी ट्रंकेचाच विचार करत होते. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, कुंकवापाशी ओठ चावले, आणि विचारलं, "गोळ्या घेतेस ना?"

"हो."

"रोज?"

"रोज जेवणानंतर."

"चुकवल्या नाहीस?"

"जेवले आणि घेतली नाही, असं कधीच झालं नाही."

"मग डोस वाढवायला हवा," त्या म्हणाल्या आणि पेन उचललं. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून तेवढ्यात जाऊबाईंनी पिशवीतून डबा काढून माझ्या मांडीवर ठेवला. साबुदाण्याची उसळ. वास खोलीभर पसरला.

डॉक्टरीणबाई पेन तसंच धरून म्हणाल्या, "आज उपास?"

"हो, शनिवार."

"आणि सकाळची गोळी?"

"आज कशी घेणार? आज जेवण कुठं आहे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "उपास किती करतेस?"

मी बोटांवर वार मोजायला लागले. त्या बोटांकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अगं, मग जेवतेस कधी?"

"रविवारी भल्ली जेवते," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाळ टेबलावर टेकलं. त्यांचे खांदे हलत होते. हसतात की रडतात कळेना. मी घाबरून उचक्यांचं सगळं सांगून टाकलं. आई, सोमवार, व्रत कसं पावलं ते. त्यांनी डोळे पुसले आणि मग हळू सांगितलं, की या औषधानं काहींना उचक्या लागतात. पोट ढवळतं, झोप येते, तसंच हे. उपासाला गोळी नाही म्हणून उचकी नाही. एखाद्या दिवशी चुकली तर फारसं कळत नाही, कारण औषध रक्तात काही काळ टिकतं. पण वरचेवर चुकत गेली की पातळी उतरते आणि झटके परत येतात. एकदम बंद केलं तर मोठाही येऊ शकतो. डोस वाढवायची गरज नाही, आहे तोच घ्यायचा.

"रांजणासारखं," जाऊबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस नाई भरला तं भागते. भरलाच नाई तं बुडाचा गाळ वर येते."

"तसंच. आणि फराळावर घेतली तरी चालते. पोटात काहीतरी असलं म्हणजे झालं."

त्या दोघींचं चाललं होतं, आणि मी मात्र डब्याकडे बघत बसले होते. मला एवढंच ऐकू आलं होतं, की उचक्या गोळीच्या होत्या. मी म्हटलं, "म्हणजे आई माझी आठवण काढत नाही?"

जाऊबाईंनी डब्याचं झाकण माझ्या हातातून घेतलं.

"येडी हाय का व? उचकी गोळीची, आठवण मायची. मायले काय उचकीची परवानगी लागते? खाय उसळ."

मी खाल्ली. मग डॉक्टरीणबाईंच्याच माठातलं पाणी घेऊन, त्यांच्यासमोर, मी माझ्या आयुष्यातली उपासाच्या दिवशीची पहिली गोळी घेतली. वर्धा एसटी स्टँडवर उचक्या लागल्या. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कोण आठवण काढून राह्यलं, पोरी?" जाऊबाई म्हणाल्या, "गोळीवाली कंपनी."

घरी खरी अडचण होती ती आत्याबाईंची. उपासाला चालते म्हणून डॉक्टर सांगतो, त्याला काय कळतं उपासातलं? त्यांनी कॅप्सूल तळहातावर घेऊन उलटसुलट केली.

"आत धान्य हाय का?"

"नाई," जाऊबाई म्हणाल्या.

"मीठ?"

"नाई."

"हळद? कांदा, लसूण?"

"काईच नाई."

आत्याबाईंनी विचार केला. "मंग ते फराळातच मोडते," म्हणाल्या. निकाल लागला. त्यानंतर उपासाच्या दिवशी माझ्या पानात भगरीच्या शेजारी, लिंबाची फोड ठेवावी तशी ती गोळी त्या स्वतः ठेवू लागल्या. उपास मी कमी केले, पण सोमवार ठेवला. आईसाठी नाही तर कुणासाठी. उचक्या मात्र त्यांच्या लेखी आईच्याच राहिल्या. "डॉक्टरीणले लेक नसन," म्हणायच्या. पुढे शरीराला सवय होऊन उचक्याही कमी झाल्या, तेव्हा जाऊबाईंनी आपण होऊन यांना सांगितलं, की कोकणीणीला चार दिवस माहेरी नेऊन आण. नेऊन आण. धाडून दे नाही. पण ते दिवाळीनंतर.

दिवाळीआधी मी शेव तळत नव्हते, चूल फुंकत नव्हते, फक्त चिवड्याचे पोहे निवडत होते आणि घाबरत होते. झटका आलेला नव्हता, निदान मला आणि जाऊबाईंना दिसलेला नव्हता. तेवढ्यात आत्याबाई आल्या आणि खाटेखालची ट्रंक पुन्हा ओढून काढली.

"खाली कर हे."

मी साड्या काढून खाटेवर ठेवल्या. जाऊबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी ट्रंक आतून पुसली, फडकं अंथरलं, आणि कोपऱ्यातला शेवेचा डबा तिच्यात ठेवला.

"उंदरं लागले व फराळाले," त्या म्हणाल्या. "तुही ट्रंक चांगली हाय, बंद होते. तुले आता कायले लागते?"

जाऊबाई दारातूनच म्हणाल्या, "बापा, बकरी पावली म्हणा."

त्या ट्रंकेत अजून फराळच असतो. गोळी मी पुढे बरीच वर्षं घेतली, आणि मग डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यानं, हळूहळू कमी करत बंद केली. यांना वाटतं वायरिंगच सुधारलं. मला अजून विहिरीवर जाताना पदर ओढल्यासारखा वाटतो. मागे बघते तर बहुतेक वेळा खरंच जाऊबाईंनी धरलेला असतो, सवयीनं.

त्यांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. मी विषय काढला की म्हणतात, "नाल्यापेक्षा मोठा असन, अजून काय?" बाई, एक दिवस मी तुम्हाला माझ्या गावी नेणार. गाडी बदलताना, बस बदलताना, सगळ्या वाटेवर तुमचा पदर मी धरीन. आणि त्या पाण्यापुढे उभ्या राहून तुम्ही क्षणभर बोलायच्या थांबलात, नाकावर माशी बसली तरी हलला नाहीत, तर कांदा आणायला मी धावणार नाही. तुम्ही परत येईपर्यंत शेजारी उभी राहीन.